दिसणारं शरीर (लेखांक ६) : किनेसिनची ऐटदार चाल

मागच्या आठवड्यात आपण ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पापाशी थांबलो होतो. तिथे गोठवलेल्या देहाचे मिलिमीटरभर जाडीचे काप होते आणि त्या कापांचे फोटो होते. म्हणजे जे दाखवलं ते आधी कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आज जिथे उतरायचं आहे तिथे डोळ्यांचं काही चालत नाही. पेशीतले प्रथिनांचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात, त्यामुळे नेहमीचा कॅमेरा तिथवर नेता आला तरी त्यात काही उमटणार नाही. तरीही या जगाची फिल्म आहे, आणि जीवशास्त्र शिकणाऱ्या बहुतेकांनी ती कधी ना कधी पाहिलेली असते.

‘द इनर लाइफ ऑफ द सेल’ २००६ साली आली. हार्वर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट ल्यू आणि अॅलन व्हिएल यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी ती कनेटिकटमधल्या एक्सव्हिवो या कंपनीकडून करून घेतली. गोष्ट आहे एका पांढऱ्या पेशीची. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवरून ती घरंगळत येते, जवळपास दाह सुरू असल्याचा रासायनिक निरोप तिला मिळतो, ती थबकते आणि भिंतीतल्या फटीतून बाहेर पडते. पण ही गोष्ट फारशा कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते मधलंच काही सेकंदांचं दृश्य : एका लांबच लांब नळीवरून दोन पायांचा एक रेणू, स्वतःच्या कित्येक पट मोठा फुगा ओढत, एकेक पाऊल टाकत निघालाय. आजूबाजूला मोकळं आकाश असावं तशी ऐसपैस जागा. मागे संगीत. हा आपला किनेसिन.

त्याचा शोध लागला १९८५ साली, तोही अमेरिकेतल्या वुड्स होलच्या किनाऱ्यावर, माकुळाच्या मज्जातंतूत. माकुळाचा हा तंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांना दिसतो. आतला द्रव बाहेर काढून रॉन व्हेल आणि सहकाऱ्यांनी त्यातला माल वाहून नेणारा रेणू हुडकला. पुढे १९९३ मध्ये लेझरच्या चिमट्यात इवलासा मणी धरून, त्याला किनेसिन जोडून मोजणी झाली : एक पाऊल आठ नॅनोमीटरचं. एक मिलिमीटर जायचं तर सव्वा लाख पावलं. प्रत्येक पावलाला एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो, आणि ते भरपूर असेल तर सेकंदाला शंभरेक पावलं पडतात. २००४ मध्ये एकाच पायाला चमकणारी खूण लावून पाहिलं तेव्हा तो पाय दरवेळी सोळा-सतरा नॅनोमीटर पुढे पडताना दिसला. म्हणजे पाय सरपटत नाहीत, आळीपाळीने पुढे पडतात, आपल्यासारखेच.

तेव्हा फिल्ममधली चाल कल्पनेतून आलेली नाही. रेणूंचे आकारही नाहीत. स्फटिकांवर क्ष-किरण सोडून प्रथिनांतल्या अणूंच्या जागा ठरवतात आणि त्या ‘प्रोटीन डेटा बँक’ या १९७१ पासूनच्या खुल्या भांडारात जमा होतात. अॅनिमेशन करणारे तिथूनच सांगाडा उचलतात.

चाल खरी आहे. खोटी आहे ती ऐट.

प्रत्यक्षात किनेसिनला शांतपणे एक क्षणही उभं राहता येत नाही. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी सतत धडकत असतात, आणि या धडकांचा हिशेब सेकंदाच्या लाखकोटीव्या भागात करावा लागतो. पुढचा पाय नळीला चिकटतो, एटीपी येऊन बसतं, मानेचा पट्टा पुढे वळतो आणि मागचा पाय पुढच्या बाजूला फेकला जातो. इथपर्यंत यंत्रासारखं. पण त्यानंतर तो पाय हवा तिथे नेमका पडत नाही. धक्के खात, वेडावाकडा हेलकावत तो जागा चाचपतो आणि सापडली की बसतो. शिवाय पेशीत मोकळी जागा नसतेच. तिच्या आकारमानाचा वीस ते तीस टक्के भाग निव्वळ मोठ्या रेणूंनी व्यापलेला असतो आणि उरलेल्यात पाणी. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तुळशीबागेतून डोक्यावर गाठोडं घेऊन निघालेल्या माणसाला विचारा, किनेसिनची अवस्था तो नीट सांगेल.

ओढाताणही असते. त्याच नळीवरून उलट दिशेला डायनिन नावाचा दुसरा हमाल चालतो, आणि बऱ्याचदा दोघे एकाच बोजाला जुंपलेले असतात. रूप मल्लिक यांनी मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत लेझरच्या चिमट्यानेच या दोघांची ताकद मोजली. एकटा किनेसिन दणकट, पण टोळीने काम करायला फारसा लायक नाही. एकटा डायनिन दुबळा, पण अनेक डायनिन एकत्र आले की भरपूर जोर लावतात. फिल्ममध्ये यातलं काहीच नाही. तिथे एक रेणू, एक बोजा, एक रस्ता.

मग हार्वर्डने विद्यार्थ्यांना फसवलं का? मला तसं वाटत नाही. पाऊल दिसावं म्हणून काळ संथ केला, तर त्याच वेगाने पाण्याच्या धडका दाखवता येत नाहीत. गर्दी खरी दाखवली तर कॅमेऱ्यासमोर भिंतच उभी राहते. रक्ताचंही तसंच आहे. रक्तात चाळीस-पंचेचाळीस टक्के जागा तांबड्या पेशींचीच असते, पण दवाखान्यातल्या टीव्हीवर अँजिओप्लास्टी समजावताना चार-सहा पेशी निवांत तरंगत जातात, नाहीतर स्टेंट दिसणारच नाही.

मात्र या सफाईची किंमत पडते. रेणू असा शहाण्यासारखा चालताना पाहिला की त्याला जायचं ठिकाण ठाऊक आहे असं वाटायला लागतं. उत्क्रांती नाकारणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळींना हे दृश्य फार आवडलं. पेशी हा कुणीतरी आखून दिलेला कारखाना आहे, याचा त्यांना तो पुरावा वाटला. २००८ मध्ये ‘एक्स्पेल्ड’ या त्यांच्या चित्रपटाने आपल्या फिल्मची नक्कल केल्याची तक्रार एक्सव्हिवोने निर्मात्यांकडे केली. त्याच कंपनीने आणि हार्वर्डने पुढे २०१४ च्या सुमारास ‘प्रोटीन पॅकिंग’ ही दुसरी फिल्म आणली. तिच्यात दाटी आहे, थरथर आहे, आणि किनेसिनचे पाय चांगलेच भिरभिरतात. पाणी मात्र तिथेही वगळलंय. दोन्ही फिल्म यूट्यूबवर आहेत. लागोपाठ पाहा, आणि आधी जुनी पाहा.

काय काढून टाकलं, यापेक्षा कुणाच्या सोयीसाठी काढलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. शिकवणाऱ्याने पाणी काढलं ते पाऊल दिसावं म्हणून. वेदनाशामक गोळ्यांच्या जाहिराती बघा : पोटात गोळी फुटते आणि चमकणारे ठिपके रांगेत थेट दुखऱ्या गुडघ्याकडे धावतात. गोळीला गुडघ्याचा पत्ता माहीत नसतो. ती रक्तातून सगळीकडे पसरते. आयब्युप्रोफेन ज्या एन्झाइमला अडवून दुखणं कमी करतं, तेच एन्झाइम जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यंही बनवतं, आणि गोळी तिथेही त्याला अडवते. म्हणून तर डॉक्टर ती रिकाम्या पोटी घेऊ नका म्हणतात. जाहिरातीतून नेमकं ते जठर गायब असतं, आणि ही काटछाट मला मान्य नाही.

पुढच्या आठवड्यात रंगांकडे वळू : करोनाच्या राखाडी गोळ्यावरचे काटे लाल कुणी केले, आणि का?