किताब एकाचा, बाजार दुसऱ्याचा

शरीरसौष्ठवातला 'मिस्टर ऑलिंपिया' किताब जिंकला की जन्माची ददात मिटली, असं व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या बहुतेक मुलांना वाटतं. २०२३चे आकडे पाहा. ओपन गटाचा विजेता डेरेक लन्सफर्ड याला ४ लाख डॉलर मिळाले, तर क्लासिक फिजिक गट जिंकणाऱ्या ख्रिस बमस्टेडला ५० हजार. इन्स्टाग्रामवर मात्र बमस्टेडचे चाहते कितीतरी पटींनी जास्त होते आणि 'रॉ न्यूट्रिशन' या सप्लिमेंट कंपनीत तर तो भागीदारच होता. त्याच्या गटात उंचीनुसार वजनाची मर्यादा असते. त्यामुळे ते शरीर बघणाऱ्याला आवाक्यातलं वाटतं, आणि जे आवाक्यातलं वाटतं तेच खपतं.

'दुसऱ्या क्रमांकाला कोण विचारतो?' हाही असाच समज. शरीरसौष्ठवपटू काय ग्रीन २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं फिल हीथच्या मागे दुसरा राहिला, ऑलिंपिया कधीच जिंकला नाही. तरी त्याच्या पोझिंगवर आणि बोलण्यावर जीव टाकणारे चाहते जगभर आहेत.

'पूर्वी चॅम्पियनला कशाची चिंता नव्हती,' असंही म्हणतात. रॉनी कोलमन १९९८मध्ये पहिल्यांदा ऑलिंपिया जिंकला तेव्हा टेक्सासमधल्या अर्लिंग्टनच्या पोलिसांत होता, आणि किताबानंतरही त्याने नोकरी सोडली नाही. कुस्तीच्या धंद्यातल्या व्हिन्स मॅकमॅहनने १९९०मध्ये 'वर्ल्ड बॉडीबिल्डिंग फेडरेशन' (डब्ल्यूबीएफ) काढून नामवंतांना पगारी करारांवर घेतलं खरं, पण १९९२मध्ये ती संघटनाच बंद पडली.

'स्पॉन्सर मिळाला म्हणजे व्यायाम करण्याचा पगार सुरू,' हे तर अजिबात खरं नाही. करारात कामाची यादी असते: महिन्याला इतक्या पोस्ट, इतके व्हिडिओ, प्रदर्शनात कंपनीच्या बूथवर तासन्‌तास उभं राहून फोटो काढून घेणं. पुष्कळांना ठरलेली रक्कम मिळतच नाही; त्यांच्या नावाचा डिस्काउंट कोड वापरून जेवढा माल विकला जाईल, त्यावर कमिशन मिळतं.

सगळ्यात घातक समज म्हणजे 'तो ही पावडर घेतो म्हणून तसा दिसतो.' ते शरीर अनेक वर्षांच्या व्यायामाचं, खुराकाचं आणि उपजत ठेवणीचं असतं. व्यावसायिक पातळीवर स्टिरॉइड्सचा वापर हे उघड गुपित आहे. आपण ती घेतल्याचं खुद्द आर्नोल्ड श्वार्झनेगरने कबूल केलं आहे. जाहिरातीत यातलं काहीच येत नाही. घरून मिळालेले पैसे साठवून पावडरचा डबा घेणाऱ्या पोराला हे कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं.

'मुंबई श्री', 'महाराष्ट्र श्री'च्या मंचावरून उतरताच एखादी कंपनी फुकट डब्यांच्या बदल्यात सही मागते. सही करण्याआधी तीन कलमं नीट वाचावीत: दुसऱ्या कंपनीचं काम करायला बंदी आहे का आणि ती किती काळ, आपले फोटो करार संपल्यावरही वापरले जातील का, आणि दुखापत होऊन वर्षभर मंचावर उतरता आलं नाही तर करार राहतो की जातो.