सटवाई आणि न दुखणारी गाठ

बाळाची पाचवी पुजताना, त्याचं नशीब लिहिणाऱ्या सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत सातारा-सांगलीकडे अजून आहे. त्या पूजेत बाळाविषयीची माया आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण स्तनातल्या गाठीबद्दलही ‘नशिबात असेल ते होईल’ म्हटलं जातं, तेव्हा जीव धोक्यात येतो.

कर्करोगाची सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. मिश्री लावणाऱ्या बाईला किंवा तंबाखू मळणाऱ्या गड्याला तोंडातला पांढरा चट्टा सलत नाही, काम अडत नाही. दुखायला लागल्यावर कराड नाहीतर मिरज गाठायची, तोवर रोग पसरलेला असतो. गावाला दिसतं ते एवढंच: कॅन्सर झाला आणि माणूस गेला. वेळेवर उपचार घेऊन बऱ्या झालेल्या बायका लेकीच्या लग्नाच्या काळजीनं गप्प राहतात. म्हणून या दैववादाला निव्वळ अडाणीपणा म्हणू नये. गावानं पाहिलेल्या मरणांवरून तो तयार झालाय, आणि त्याच्यामुळे पुढचा रुग्णही उशिराच येतो.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेला डॉक्टर झाले आणि अंधश्रद्धेशी जन्मभर झुंजले. त्यांनी लावून धरलेल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखणं गुन्हा ठरलं. पण आपणहून घरी बसलेल्या बाईला कुणीच रोखलेलं नसतं.

तिच्यापर्यंत काय पोचतं, हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दिसलं. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांच्या सहभागानं 1999 पासून तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,000 हून अधिक स्त्रिया होत्या. सटवाई मानणारा हाही मुलूख. तरी तपासणीला बोलावलेल्या दर पाचजणींपैकी जवळजवळ चौघी आल्या. एकदाच एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीची संधी मिळालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं.

ऊसतोडणीच्या दिवसांत ‘नशीब’ म्हणणाऱ्या बाईपुढे पुष्कळदा एसटीचं भाडं आणि बुडणारा रोज असतो. तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आता सरकारी कार्यक्रमात आहे. त्यासाठी आशाताई दारी येईल तेव्हा तिच्याबरोबर त्याच भागातली, बरी झालेली आणि बोलायला तयार असलेली एखादी बाई असावी.