काळ्या भिंतींच्या बँकेने वाचवलेली पेठ

जपानमधील सर्वांत मोठ्या सरोवराच्या, म्हणजे बिवाच्या, ईशान्य काठावर नागाहामा हे जुने व्यापारी गाव आहे. १९८०च्या दशकात एका रविवारी दुपारी तिथल्या पेठेतली वर्दळ मोजली गेली. तासाभरात दिसली ती चार माणसे आणि एक कुत्रा! लोकांकडे मोटारी आल्या होत्या, गावाबाहेर ऐसपैस पार्किंग असलेली मोठी दुकाने उघडली होती आणि पेठेतली शटर एकामागून एक कायमची खाली येत होती. पुढच्या काही वर्षांत हीच पेठ माणसांनी फुलली. हा पालट पेठेतल्याच व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी पुढाकार घेऊन घडवला.

या पुढाकाराची मुळे खोल आहेत. सोळाव्या शतकात तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीने इथे किल्ला बांधून गाव वसवले आणि व्यापाऱ्यांना जमीन महसूल माफ केला. ही सवलत पुढे शतकानुशतके टिकली आणि त्याबरोबर आपल्या गल्लीचा कारभार आपणच पाहण्याची रीतही. आजही तिथल्या मोहल्ल्यांचे स्वतःचे शृंगारलेले रथ आहेत. त्यांतल्या बारा रथांवर रंगमंच असून दर एप्रिलच्या उत्सवात पाळीपाळीने चार रथांवर पाच ते बारा वर्षांचे मुलगे काबुकी नाटके सादर करतात. २०१६ साली युनेस्कोने जपानमधील अशा ३३ रथोत्सवांचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत एकत्रित समावेश केला, त्यांत नागाहामाचा उत्सव आहे. आपल्याकडे आळीचे गणेश मंडळ जशी वर्गणी, मांडव आणि मिरवणूक सांभाळते, तसाच तिथला मोहल्ला आपला रथ सांभाळतो. १९८३ साली जुन्या किल्ल्याच्या जागी नवा किल्ला उभा राहिला, तोही नागरिकांच्या देणग्यांच्या बळावर. चार घरांनी पैसे आणि श्रम एकत्र करायचे, ही सवय गावाच्या अंगात होतीच.

तिची खरी परीक्षा एका इमारतीने घेतली. पेठेतल्या चौकात १९०० साली बांधलेली बँक होती. बाहेरून काळा गिलावा असल्यामुळे लोक तिला ‘कुरोकाबे’, म्हणजे काळी भिंत, म्हणत. पुढे तिथे चर्च आले आणि १९८७च्या सुमारास तेही हलणार असे ठरले. जागा विकली जाऊन वास्तू पाडली जाण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा स्थानिक उद्योजक पुढे आले. एप्रिल १९८८ मध्ये १३ कोटी येन भांडवलाची ‘कुरोकाबे’ कंपनी स्थापन झाली. त्यांतले ४ कोटी नगरपालिकेचे आणि ९ कोटी आठ स्थानिक व्यवसायांचे. मोठा वाटा व्यापाऱ्यांचा असल्यामुळे कारभाराची सूत्रेही त्यांच्याच हाती राहिली.

इमारत तर वाचली, पण तिथे विकायचे काय? या प्रश्नाचे त्यांनी काढलेले उत्तर सगळ्या नगरनियोजकांनी अभ्यासावे असे आहे. पेठेतल्या कोणत्याही दुकानदाराच्या पोटावर पाय येणार नाही आणि मोठ्या साखळी दुकानांनाही सहज करता येणार नाही, असा धंदा त्यांना हवा होता. ओतारू या बंदराची आणि युरोपातल्या काचगावांची पाहणी करून त्यांनी काचकलेची निवड केली. नागाहामात काचकामाची परंपरा नव्हती, तरी जुलै १९८९ मध्ये काचवस्तूंचे दालन सुरू झाले, जोडीला कारखानाही आला. भट्टीतून लोखंडी नळीच्या टोकावर घेतलेला लालबुंद काचगोळा कारागीर फुंकर मारत, फिरवत राहतो आणि पाहता पाहता त्याचा पेला होतो. हे पाहायला थांबलेला माणूस मग पेठेतल्या इतर दुकानांतही शिरतो.

कंपनीने आसपासची रिकामी दुकाने आणि जुनी घरे दुरुस्त करून एकेक सुरू केली. त्यांची संख्या हळूहळू तीसपर्यंत गेली. पहिल्या वर्षी सुमारे एक लाख लोक आले. १९९१ मध्ये लोहमार्गाच्या विद्युतपुरवठ्यात बदल झाल्यावर क्योटो आणि ओसाकाच्या जलद गाड्या थेट नागाहामापर्यंत येऊ लागल्या. पुढे वर्षाला सुमारे वीस लाख पर्यटक येऊ लागले.

पर्यटकांच्या गर्दीत रहिवाशांची गरज विसरली जाण्याचा धोका असतो. त्यावर उपाय केला तो ज्येष्ठांनी. १९९६ मध्ये भरलेल्या हिदेयोशी प्रदर्शनात स्वयंसेवक म्हणून राबलेले ज्येष्ठ नागरिक नंतर घरी बसले नाहीत. प्रत्येकी ५० हजार येन घालून त्यांनी रिकाम्या गाळ्यांत भाजी, तयार पदार्थ, जुन्या वस्तू आणि कॉफी अशी दुकाने थाटली. शेजारच्या घरांना रोजची भाजी मिळू लागली आणि ज्येष्ठांना काम मिळाले.

पेठांच्या आराखड्यांवर आपल्याकडेही हरकती आणि सूचना मागवल्या जातात, पण त्यावेळी निर्णय बहुधा झालेला असतो. नागाहामात ज्यांनी पैसे घातले, त्यांनीच धंदा ठरवला आणि शेजाऱ्याचे नुकसान होणार नाही हे आधी पाहिले. नगरपालिकेने भांडवलाचा लहान वाटा घेऊन पाठबळ दिले. पेठ जगवायची असेल, तर तिथे दुकान चालवणाऱ्याला आणि माडीवर राहणाऱ्याला आराखड्याच्या पहिल्या रेघेपासून बैठकीत स्थान हवे आणि निर्णयात मतही हवे.