आईबापांचे नागरिकत्व आणि परदेशी जन्मलेले मूल

इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीत ज्यांची मुले-सुना परदेशी स्थायिक झाल्या आहेत, अशी घरे आता थोडी नाहीत. कॅनडात नातवंड जन्मास आल्याची वार्ता आली, की आनंदाबरोबर एक प्रश्नही घरात येतो: हे मूल कोणत्या देशाचे? आईबाप भारतीय आहेत, तर त्याला दोन्ही देशांचे नागरिक होता येईल काय?

नागरिकत्व दोन वाटांनी मिळते. एक भूमीची, दुसरी रक्ताची. कॅनडा आपल्या भूमीवर जन्मलेल्या मुलास बहुधा आपला नागरिक मानतो. भारताचा १९५५ चा नागरिकत्व कायदा परदेशी जन्मलेल्या मुलास आईबापांच्या नात्याने हक्क देतो. प्रारंभी हा हक्क केवळ पित्याकडून येई. १० डिसेंबर १९९२ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत मातेचे नागरिकत्वही तितकेच ग्राह्य धरले जाते.

परंतु हा हक्क आपोआप पदरी पडत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एक वर्षाच्या आत तेथील भारतीय दूतावासात करावी लागते. मुदत टळल्यास केंद्र सरकारची अनुज्ञा लागते. शिवाय, मुलाजवळ अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे आईबापांना लिहून द्यावे लागते. प्रवासाच्या घाईत प्रथम कॅनडाचा पासपोर्ट काढणाऱ्या कुटुंबाची वाट येथेच अडते.

नोंद वेळेवर झाली, तरी दुहेरी नागरिकत्व कायमचे लाभत नाही. मूल सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने परक्या देशाचे नागरिकत्व सोडले नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. प्रौढ भारतीयाने स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व घेतले, तर तेथेही हाच परिणाम होतो.

मग ‘दुहेरी नागरिकत्व’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला कोठून? २००३ च्या पहिल्या प्रवासी भारतीय दिवशी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तशी घोषणा केली होती. प्रत्यक्षात २००५ साली जी योजना अमलात आली, ती ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नावाची. जानेवारी २०२३ मध्ये हाच प्रवासी भारतीय दिवस इंदूरला भरला, तेव्हाही शहरात आलेल्या अनेक पाहुण्यांजवळ याच योजनेचे कार्ड होते. नावात ‘सिटिझन’ असले, तरी हे नागरिकत्व नव्हे. या कार्डाने आजन्म व्हिसा मिळतो, वारंवार येता येते, घर विकत घेता येते. मात्र मतदान करता येत नाही, विधानसभेची वा लोकसभेची निवडणूक लढविता येत नाही आणि माळव्यात शेतजमीन विकत घेता येत नाही.

भारतीय नागरिकाच्या मुलास, नातवास आणि पणतूसही हे कार्ड मागता येते. मात्र ज्यांचे आईबाप, आजोबा-आजी वा पणजोबा-पणजी पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक होते, त्यांना ते मिळत नाही.

तात्पर्य, आईबापांच्या नात्याने मिळणारा हक्क खरा असला, तरी तो मुदतीत मागावा लागतो. मुलाचा पहिला पासपोर्ट कोणत्या देशाचा काढावयाचा, हे ठरविण्यापूर्वीच कुटुंबाने या गोष्टींचा विचार करावा. तो झाला नाही, तर आजोळी येणारे मूल कायद्याच्या दृष्टीने पाहुणेच ठरते.