आकडा आला की हिशेब सुरू

हवामानाचे भाकीत करणारा संगणक पृथ्वीवर चौकटींची जाळी कल्पितो आणि प्रत्येक चौकटीतला वारा, दाब, तापमान पुन्हापुन्हा काढतो. यातले बरेचसे गणित एकाच वेळी होऊ शकते. नेहमीचा संगणक मात्र मुळात एकामागून एक सूचना घेण्यासाठी घडलेला. १९७७ च्या ट्युरिंग व्याख्यानात फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेचे जनक जॉन बॅकस यांनी नेमके दुखणे सांगितले: प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली वाट फार अरुंद आहे.

अमेरिकेतल्या एमआयटीत जॅक डेनिस यांनी त्याआधीच, १९७५ मध्ये, वेगळ्या यंत्राचा आराखडा मांडला होता. त्यात पुढची सूचना कोणती हे ठरवणारा कोणी नाही. ज्या क्रियेचे सगळे आकडे पोचले, ती सुरू. (अ + ब) × (क − ड) मधली बेरीज आणि वजाबाकी आपोआप एकाच वेळी होतात. गुणाकार दोन्ही उत्तरांसाठी थांबतो. हाच डेटाफ्लो.

कल्पना देखणी, पण बांधणी कठीण. एकाच लूपच्या अनेक फेऱ्या एकदम चालू असताना कोणता आकडा कोणत्या फेरीचा, हे कसे ओळखायचे? आयआयटी कानपूरमधून शिकून गेलेले प्राध्यापक अरविंद यांनी प्रत्येक आकड्याला खुणेची चिठ्ठी जोडली. आता त्याच खुणेचा जोडीदार आकडा शोधणे आले, आणि तेच सर्वांत महागात पडू लागले. एमआयटी आणि मोटोरोला यांनी मिळून उभारलेल्या यंत्रात ग्रेग पापाडोपोलस यांनी त्यावर तोड काढली: जोडीच्या भेटीची मेमरीतली जागा आधीच ठरवायची. या यंत्राचे नाव ‘मॉन्सून’! दुसरी अडचण उलट्या टोकाची होती. सगळ्या फेऱ्या एकदम सुटल्या, तर अर्धवट उत्तरांनीच मेमरी भरून जाते. म्हणून डेव्हिड कलर आणि अरविंद यांनी एका वेळच्या फेऱ्यांना मर्यादा घातली.

‘मॉन्सून’ बाजारात रुजला नाही. साधे मायक्रोप्रोसेसर झपाट्याने स्वस्त आणि वेगवान होत गेले. तरीही ही कल्पना फसली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९९५ चा पेंटियम प्रो हा मायक्रोप्रोसेसर आतल्या आत, मोजक्या सूचनांपुरते, हेच करत होता: आकडे तयार असलेली सूचना आधी, मग तिचा क्रम कोणताही असो.

सेरेब्रास कंपनीच्या २०२१ च्या थाळीएवढ्या चिपवर साडेआठ लाख गणनाकेंद्रे आहेत आणि आकडा येऊन पोचला की त्यांचे काम सुरू होते. २०२४ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या साथीने तिच्यावर टँटलम धातूच्या सुमारे आठ लाख अणूंच्या हालचालीचे गणित केले गेले. त्या एका प्रश्नापुरता तिचा वेग फ्रंटिअर या महासंगणकाच्या १७९ पट निघाला.