वस्तीवरची छऱ्याची बंदूक

आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर रात्रीची जेवणं उरकली, दिवे मालवले, की दुसरी वर्दळ सुरू होते. पत्र्याच्या शेडात एका कडेला ज्वारीची पोती, दुसऱ्या कडेला डाळिंबाचे रिकामे क्रेट, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या. घूस पोतं फोडते, उंदीर नळी कुरतडतो. टँकरच्या पाण्यावर बाग जगवलेल्या माणसाला भोक पडलेली नळी बघून काय वाटतं, ते माणदेशात कुणाला सांगावं लागत नाही. औषध ठेवावं तर कोंबड्या, मांजर, शेळ्या मोकळ्या फिरतात. पिंजरा लावावा तर नवी वस्तू दिसली की उंदीर कितीतरी दिवस तिच्याकडे फिरकत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, छऱ्याची बंदूक आणू.

आणावी. पण दुकानात पाऊल टाकण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, कारण तिथे पहिली चर्चा ताकदीचीच होते. भिंती, गुरं आणि माणसं जवळ असतात तिथे ताकद सगळ्यात शेवटी बघायची. आधी नेम, मग आवाज.

या बंदुकीत दारू नसते. बंदूक मधोमध वाकवली की आतली स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, कोंडलेली हवा आवळली जाते आणि छऱ्याला घेऊन सुटते. छरा शिशाचा, आकाराने थेट डमरूसारखा: कमरेत बारीक, मागे पोकळ घेर. हवेच्या दाबाने तो घेर फुगून नळीतल्या आट्यांना चिकटतो आणि छरा फिरक्या घेत जातो. नेम येतो तो या फिरकीतून.

शांतपणाचं गणितही सोपं आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. छरा त्याच्यापुढे गेला की चाबकासारखा फटकारा उठतो आणि नेमही बिघडतो. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला २०० मीटरने सुटला तर त्यात दहा ज्यूल ऊर्जा भरते. दहा-बारा मीटरवरच्या उंदरासाठी ती पुरते, आणि आवाज खटक्याइतकाच राहतो. डब्यावर मोठमोठे वेग छापलेली बंदूक बघून हुरळू नये.

कायद्याची रेषाही इथे जुळते. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. त्यापुढे गेलं की लागतो. ४.५ मिलिमीटर हे माप कमी प्रतीचं समजू नका. दहा मीटर एअर रायफलचा ऑलिंपिक खेळ याच छऱ्यावर चालतो आणि तिथलं दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला तो याच प्रकारात.

अनेक जुन्या घरांत माळ्यावर आयएचपीची बंदूक सापडते. ती इंडियन ह्यूम पाइप कंपनीची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली उभारलेली ही कंपनी सिमेंटचे पाइप करी, आणि हवाई बंदुकाही. अशी बंदूक हाती आली तर स्प्रिंग आणि वॉशर जाणकाराकडून तपासून घ्या. छरा न भरता चाप ओढू नका: पुढे हवेची गादी नसली की दट्टा थेट धातूवर आदळतो.

स्प्रिंगची बंदूक चालवायला शिकावं लागतं. छरा नळीबाहेर पडण्याआधीच ती मागे आणि पुढे असे दोन हिसके देते. गच्च आवळून धरली तर नेम दर वेळी वेगळा लागतो. डाव्या तळव्यावर ती नुसती टेकवायची, दस्ता खांद्याला सैल लावायचा. आधीच हवा भरून ठेवायच्या बंदुकीला हिसका जवळजवळ नसतो, नेम सोपा जातो, पण तिला पंप लागतो आणि पैसाही. घरच्या कामाला मी स्प्रिंगचीच, हलकी, साध्या माशीची सुचवेन. दुर्बीण लावलीत तर ध्यानात ठेवा, ती नळीच्या वर तीन-चार सेंटिमीटर बसते, म्हणून अगदी जवळच्या उंदरावर छरा खाली लागतो. ज्या अंतरावरून मारायचं त्याच अंतरावर कागद लावून नेम जुळवा.

छऱ्याच्या मागे काय आहे, हे चाप ओढण्याआधी ठाऊक हवं. पत्र्यावरून आणि काळ्या दगडावरून छरा उसळून परत येतो आणि डोळ्याला एवढाच छरा पुरतो. मातीने भरलेलं पोतं मागे असलं तरच मारा. बंदूक आणि छरे वेगवेगळ्या कुलुपात ठेवा.

आणि पाखरांवर ती कधी उचलू नका. लहानग्या सालिम अलींनी मुंबईत एअरगनने पिवळ्या कंठाची चिमणी पाडली. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, तिथले सचिव मिलर्ड यांच्याकडे गेले आणि तिथून भारताला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे लेखक व्यंकटेश माडगूळकर शिकारीच्या नादातून पुढे रानाच्या निरीक्षणाकडे वळले. आज वन्यजीव संरक्षण कायदा असताना ‘एकच चिमणी’ हा बचाव चालत नाही. १९७२ च्या कायद्यात मारायला मोकळीक असलेल्या उपद्रवी प्राण्यांची यादी होती, तीत कावळाही होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.

बंदूक दिसलेला एक उंदीर मारते. शेडातल्या बाकीच्यांसाठी फटी बुजवाव्या लागतात, कारण घरातल्या पिटुकल्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवा. जुन्या विहिरीत किंवा पडक्या वाड्यात गव्हाणी घुबडाची जोडी असेल तर तिला हाकलू नका. रात्रभर, पंखांचा आवाज न करता, ती तुमच्या शेतातले उंदीर उचलते.

म्हणून छऱ्याने मारलेला उंदीर उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात पुरा. त्याच्या अंगातलं शिसं घुबडाच्या पोटात गेलं तर घुबड मरू शकतं.