बदलले तेवढेच पाठवा : ‘आरसिंक’ या साधनाची ओळख

कापडाच्या धंद्यात बिल, चलन, उधारीची यादी आणि डिझाइन हे सारे आता संगणकावर गेले आहे. पण एकाच धंद्यातले संगणक एकाच जातीचे नसतात. गल्ल्यावरचा हिशेब विंडोजवर चालतो, डिझाइन काढणारा कारागीर मॅकवर काम करतो आणि घरातला एखादा शिकलेला मुलगा जुन्या मशीनवर लिनक्स घालून त्याचे कोठार करतो. या तिघांमध्ये फाइलींची ने-आण बहुतेक ठिकाणी पेनड्राइव्हने होते. आठ दिवसांनी ‘नवीन’, ‘नवीन २’ आणि ‘शेवटची’ अशा नावांच्या तीन फाइली समोर येतात आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. हिशेबात असे झाले तर रात्र जागून निस्तरता येते. जेकार्डवर जुनी डिझाइन चढली तर मात्र सूत, मजुरी आणि गिऱ्हाईक तिन्ही जातात.

कागदपत्र जपण्याची जबाबदारी लहान नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळावा लागतो. आपल्याकडे तर हा विषय कायद्याच्या फार आधीचा आहे. कुरआन शरीफातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यासंबंधीच आहे. लिहिलेले हरवू नये म्हणून त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असली पाहिजे, आणि ती रोज ताजी झाली पाहिजे. हे काम ज्या साधनाने उत्तम होते त्याचे नाव आरसिंक.

आरसिंकला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळीचा हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचे. यामुळे आपले बरेच बांधव बिचकतात. बिचकण्यासारखे त्यात काही नाही. एकदा बरोबर लिहिलेली ओळ कागदावर उतरवून ठेवली की रोज तीच चालते, आणि संगणकाला ठरावीक वेळी ती आपोआप चालवायलाही सांगता येते.

हे साधन ऑस्ट्रेलियातून आले. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी जून १९९६ मध्ये ते जाहीर केले. विंडोज आणि युनिक्स जातीच्या संगणकांना एकमेकांच्या फाइली दिसाव्यात म्हणून वापरले जाणारे ‘सांबा’ हेही ट्रिजेल यांचेच काम. फाइलींची जुळवणी कमीत कमी बोजात कशी करावी याचा हिशेब त्यांनी १९९९ च्या आपल्या पीएचडी प्रबंधात मांडला. साधन मोफत आहे आणि त्याची घडण कोणालाही पाहता येते.

आता त्याची खुबी पाहू. समजा भिवंडीच्या कारखान्यात आणि मुंबईच्या दुकानात भावाच्या वहीची एकेक प्रत आहे. कारखान्यातल्या वहीत दोन भाव बदलले. सगळी वही पुन्हा नक्कल करून पाठवणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा : दुकानदाराने आपल्या वहीच्या प्रत्येक पानाची बेरीज करून ती यादी कारखान्याला कळवायची. कारखानदाराने ती आपल्या पानांशी ताडून पाहायची. जिथे बेरीज जुळत नाही तेवढेच पान पाठवायचे. आरसिंक हेच करते. ज्या संगणकावर जुनी प्रत आहे तो तिचे सारख्या मापाचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याची बेरीज काढतो आणि यादी पाठवतो. लहान फाइलीत तुकडा ७०० बाइटचा असतो, मोठ्या फाइलीत तो वाढत जातो. ५० एमबीच्या डिझाइनचे साधारण सात हजार तुकडे पडतात. त्यांच्या बेरजांची यादी दीडशे केबीपेक्षा जास्त होत नाही. म्हणजे कोपऱ्यातली एक बुट्टी बदलली, तर ५० एमबीऐवजी ही छोटी यादी आणि बदललेले तुकडे एवढेच तारेवरून जातात.

परंतु यात एक मेख आहे. वहीच्या तिसऱ्या पानावर मध्येच एक ओळ घुसवली तर पुढचे प्रत्येक पान एका ओळीने सरकते. मजकूर तोच, पण पानांच्या साऱ्या बेरजा बिघडल्या. साध्या ताडणीला वाटेल की पुढची सगळी वही बदलली. ट्रिजेल यांची करामत नेमकी इथे आहे. नवी फाइल ज्याच्याकडे आहे तो संगणक पानाच्या कडेपासूनच मोजत नाही. तो एकेक बाइट पुढे सरकत प्रत्येक जागेपासून तेवढ्याच मापाचा तुकडा घेऊन पाहतो. थानावर गज ठेवून तो एकेक सूतभर सरकवावा तसे. प्रत्येक वेळी सगळी बेरीज नव्याने केली तर कधीच संपणार नाही. म्हणून बेरीज अशी घेतली आहे की मागून सुटलेला बाइट वजा करायचा, पुढून आलेला मिळवायचा, की नवी बेरीज तयार. ओळ कुठेही घुसवा, पुढचा जुना मजकूर तो बरोबर ओळखतो.

एवढी हलकी बेरीज चुकून दुसऱ्याच तुकड्याशी जुळू शकते. म्हणून ती जुळल्यावर दुसरी, पक्की पडताळणी होते. कापड घेणारा आधी हाताने पोत पाहतो आणि पसंत पडले तरच थान उलगडून दिव्याखाली धरतो, तसाच हा प्रकार. शेवटी पूर्ण फाइलीचीही एक पक्की बेरीज दोन्हीकडे ताडली जाते, आणि फरक पडला तर काम पुन्हा केले जाते. नवी प्रत आधी वेगळ्या नावाने तयार होते आणि पुरी झाल्यावरच जुन्या प्रतीच्या जागी बसते. मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते. लोडशेडिंगच्या गावात या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

कोणत्या फाइलींना हात लावायचा हे आरसिंक कसे ठरवते? ते फाइलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहते. दोन्ही सारखे असतील तर ती फाइल सोडून देते. त्यामुळे हजारो फाइलींची तपासणीही लवकर आटोपते. महिन्यातून एकदा मात्र हुकुमात ‘सी’ हे अक्षर वाढवून आतल्या मजकुराचीही ताडणी करावी. वेळ लागतो, पण खात्री होते.

हुकुमाची रचना बिल्टीसारखी आहे : माल जिथून निघतो ते ठिकाण आधी, जिथे पोचतो ते नंतर. सुरुवातीला साधनाचे नाव, मग डॅश देऊन अक्षरे. ‘ए’ म्हणजे फोल्डर आतल्या फोल्डरांसकट आणि वेळेच्या नोंदीसकट न्यायचे. ‘व्ही’ म्हणजे काय नेले ते पडद्यावर दाखवायचे. ‘एन’ म्हणजे फक्त तालीम : काय होणार ते सांगायचे, करायचे काहीच नाही. नवी ओळ पहिल्यांदा चालवताना ‘एन’ घातल्याशिवाय चालवू नये, हा माझा आग्रह आहे. ठिकाणांची अदलाबदल झाली तर जुना माल नव्यावर चढतो, आणि आरसिंक त्याबद्दल हुज्जत घालत नाही.

दुसरी बारीक गोष्ट तिरप्या रेघेची. पहिल्या ठिकाणाच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली तर फोल्डरातला माल तेवढा जातो. रेघ नसेल तर फोल्डर अख्खा उचलून आत ठेवला जातो. ‘हिशेब’ फोल्डरात पुन्हा ‘हिशेब’ फोल्डर दिसला की समजावे, रेघ राहिली.

दूरच्या संगणकावर पाठवताना माल एसएसएच नावाच्या कुलूपबंद वाटेने जातो, म्हणजे मधल्या कोणाला तो वाचता येत नाही. त्या संगणकाचे नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे आणि पुढे फोल्डर असे लिहायचे असते. विंडोजवाल्यांची अडचण नेमकी या टिंबांत आहे. विंडोजमध्ये ‘सी’ ड्राइव्हच्या पुढेही तीच टिंबे असतात. आरसिंकला वाटते की ‘सी’ नावाच्या कुठल्या तरी दूरच्या संगणकाकडे माल पाठवायचा आहे. विंडोजबरोबर आरसिंक येतही नाही. विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची जी सोय आहे तिच्यात ते बसवावे लागते, आणि तिथे ‘सी’ ड्राइव्ह ‘मन्ट’ या फोल्डराखाली टिंबांविना मिळतो. एवढी खटपट नको असेल तर विंडोजमध्ये आधीपासून असलेले ‘रोबोकॉपी’ वापरावे. दोन्हीकडे विंडोज असेल तर ते पुरेसे आहे. मात्र बदललेली फाइल ते अख्खी नेते, तुकडे पाडत नाही.

आता नावांचा घोळ. आमच्यासारखे उर्दू माध्यमात शिकलेले लोक फाइलीला उर्दूत नाव देतात, मुले मराठीत देतात. दोन्ही चालते. पण काही अक्षरे संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतात. उर्दूतला मद्दवाला अलिफ एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा साधा अलिफ आणि वर वेगळा मद्द असाही. मराठीत ‘व्यापाऱ्यांची यादी’ यातला ‘ऱ्या’ तसाच : कधी त्यातला ‘र’ नुक्त्यासह एकच अक्षर असतो, कधी साधा ‘र’ आणि नुक्ता वेगळा. डोळ्याला फरक दिसत नाही. जुन्या मॅकच्या डिस्कवर नावे सुट्या पद्धतीने साठवली जातात, लिनक्स आणि विंडोज जसे दिले तसे ठेवतात. परिणाम असा की लिनक्सच्या कोठारात एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी उभ्या राहतात. आरसिंकमध्ये यासाठी ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय आहे. तो नाव वाटेतच बदलून देतो. इंग्रजी नावांत लहान-मोठ्या लिपीचा असाच त्रास होतो. लिनक्सला ती दोन नावे वाटतात, विंडोजला एकच. प्रश्नचिन्ह, तारा आणि ती दोन टिंबे विंडोजला नावात मुळीच चालत नाहीत. सरळ नाव द्यावे, हे उत्तम.

पेनड्राइव्हवर बहुधा फॅट ३२ ही जुनी मांडणी असते. तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, आणि वेळ दोन सेकंदांच्या पटीत नोंदली जाते. त्यामुळे आरसिंकला न बदललेल्या फाइलीही बदलल्यासारख्या वाटतात आणि ते त्या पुन्हा पुन्हा नेत बसते. ‘मॉडिफाय विंडो’ १ ठेवली की एका सेकंदाचा फरक ते माफ करते.

हिशेबाची फाइल झिप करून मग पाठवणे ही अनेकांची सवय आहे. आरसिंकबरोबर ती सोडावी. एक आकडा बदलला तरी झिप केलेल्या फाइलीचे रूप त्या जागेपासून पुढे पालटते आणि तुकड्यांची सारी करामत वाया जाते. उघडी फाइल द्यावी; वाटेत दाबून नेण्याचे काम ‘झेड’ अक्षर करते. आणि हिशेबाचा प्रोग्राम चालू असताना नक्कल कधीच घेऊ नये. अर्धी नोंद आत आणि अर्धी बाहेर अशी प्रत निघते, आणि ते कळते गरज पडल्यावरच.

सर्वांत जपून वापरायचा शब्द म्हणजे ‘डिलीट’. तो दिला तर मूळ ठिकाणी नसलेली प्रत्येक फाइल पोचण्याच्या ठिकाणाहून पुसली जाते. दोन्ही जागा हुबेहूब राखायच्या तर तो लागतो; रोबोकॉपीतला ‘मिर’ तेच करतो. पण नोकराच्या हातून मूळ फोल्डरातल्या साऱ्या फाइली पुसल्या गेल्या आणि रात्री ही ओळ आपोआप चालली, तर सकाळी दोन्हीकडे काही उरत नाही. खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलीही इमानदारीने तिकडे पोचतात. एकच ताजी प्रत राखणे म्हणूनच पुरेसे नाही.

यावर आरसिंकमध्येच तोड आहे. रोज तारखेच्या नव्या फोल्डरात नक्कल घ्यायची आणि ‘लिंक डेस्ट’ या पर्यायाने कालचा फोल्डर दाखवायचा. त्यात बदललेल्या फाइली खरोखर उतरतात. न बदललेल्यांची कालच्या प्रतीकडे नुसती नोंद होते. गोदामात थान एकच, पण दोन रजिस्टरांत त्याचा नंबर. सोमवारचा फोल्डर उघडला तर सोमवारचा पूर्ण माल दिसतो, आणि तीस दिवसांच्या तीस प्रती ठेवूनही डिस्क भरत नाही. फॅट ३२ वर अशी दुहेरी नोंद होत नाही, म्हणून कोठाराची डिस्क लिनक्सच्या किंवा एनटीएफएस मांडणीची हवी.

ज्यांच्याकडे आरसिंक आधीच बसवलेले आहे त्यांनी आवृत्ती पाहून घ्यावी. जानेवारी २०२५ मध्ये त्यात काही गंभीर भगदाडे उघड झाली आणि ती ३.४.० या आवृत्तीत बुजवली गेली. साधनाच्या नावापुढे दोन डॅश आणि ‘व्हर्जन’ हा शब्द टाइप केला की आकडा समोर येतो. तो ३.४.० पेक्षा जुना असेल, तर ज्याने ते बसवले त्याच्याकडून दुरुस्ती झाली आहे का हे विचारून घ्यावे, नाहीतर नवी आवृत्ती बसवून घ्यावी.